माझ्या वाटचा मार

आमच्या घरात सगळ्यांनी मार खाल्ला, मी सोडून. दादाने पट्ट्याने खाल्ला, चपलेने खाल्ला, एकदा कुकरच्या झाकणाने खाल्ला. आईने खाल्ला तो दाराआड, पण दार पातळ होतं. घरातल्या वस्तूंनीही खाल्ला: रेडिओ, दोन खुर्च्या, न्हाणीघराची कडी. मला मात्र लहानपणीच्या एका थपडेनंतर कोणी बोट लावलं नाही, कारण मला बोट लावलं तर मी मरेन अशी भीती होती.

मला हिमोफिलिया आहे. रक्त गोठायला जे लागतं, ते माझ्या रक्तात जवळजवळ नाहीच. लोकांना वाटतं, याला सुई टोचली की हा संपला. तसं नसतं. वरवरची जखम एकवेळ परवडते. खरा मार आतून बसतो. गुडघ्यात, कोपरात, घोट्यात काही कारण नसताना रक्त साठतं, सांधा फुगत जातो, आणि कोणीतरी आत बसून हाड पिरगाळतंय असं वाटतं. अशा वेळी मी उशी चावायचो. उशा फाटायच्या. आईने शेवटी कापूस भरणं सोडून जुन्या साड्या भरायला सुरुवात केली.

हे लिहितोय ते ज्यांच्या घरातलं असं पोर आता एकविशीत पाऊल टाकतंय त्यांच्यासाठी. लहानपणीच्या हालांबद्दल सगळे हळहळतात. पोर मोठं झालं, त्याला कामाला जावंसं वाटलं, की त्याच्यावर काय काय तुटून पडतं हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. मी सांगतो. गोड करून सांगता येत नाही मला.

शेवटची थप्पड

बाबा बाजव्याकडच्या एका मोठ्या कारखान्यात ऑपरेटर होते. पण आधी ते तालमीतले. बडोद्यातल्या आमच्यासारख्या मराठी घरांत मुलगा चालायला लागला की त्याला तालमीत नेऊन मातीला लावायची रीत होती. दादाला नेलं, मग मी सहा वर्षांचा झाल्यावर मला नेलं. लंगोट बांधला, कपाळाला तांबडी माती लावली आणि हौद्यात सोडलं. समोरच्या पोराने माझा पाय धरून ओढला. गुडघा भरून आला. मी जो रडायला लागलो तो थांबेना. तालमीतल्या चारचौघांत लाज गेली म्हणून बाबांच्या डोक्यात राख गेली, आणि बाहेर रस्त्यावर त्यांनी मला एक ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी माझा डोळा उघडत नव्हता. गाल काळानिळा आणि हनुवटीपर्यंत उतरलेला. गुडघा नारळाएवढा. मोठ्या सरकारी दवाखान्यात एका तरुण डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे.

"शेनाथी मार्यो?" कशाने मारलंत?

"हाताने. एकच."

"एक हाथथी आवुं थाय?" एका हाताने असं होतं? असं म्हणून त्याने दवाखान्याच्या चौकीतल्या पोलिसाला बोलावणं पाठवलं. बाबांच्या तोंडचं पाणी पळालं. एवढा आडदांड माणूस, पण भिंतीला टेकून उभा राहिला. तेव्हा आई पहिल्यांदा बोलली. तिचा धाकटा भाऊ दुधाचा दात पडला तेव्हा गेला होता. रक्त थांबलंच नाही. घरच्यांनी बाहेरची बाधा म्हणून सोडून दिलं होतं.

डॉक्टर खाली बसला. माझं रक्त तपासायला मुंबईला गेलं आणि आजाराचं नाव घेऊन आलं. त्या दिवशी त्याने बाबांना समोर बसवून सांगितलं, "याला हात लावायचा नाही. समजलं ना? बोटसुद्धा नाही."

बाबांनी ते अक्षरशः पाळलं. पुढे कितीतरी वर्षं त्यांनी मला हात लावला नाही. मारायला नाही आणि जवळ घ्यायलाही नाही. इतकी वर्षं ती थप्पड हाच त्यांच्या हाताचा मला आठवणारा शेवटचा स्पर्श होता.

राग मात्र कुठे जाणार? तो आधी आईवर निघाला. "तुझ्या माहेरचं रक्त," हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की ते मला भांड्यांच्या आवाजासारखं सवयीचं झालं. आणि मग दादावर. शाळेतून पाटी फोडून मी यायचो, मार दादाला. गणितात मी नापास, मार दादाला, लहान भावाकडे लक्ष दिलं नाही म्हणून. दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. त्याने मला एकदाही "तुझ्यामुळे" असं म्हटलं नाही. म्हणाला असता तर बरं झालं असतं.

लंगडण्याची तालीम

कारखान्याचा दवाखाना हे माझं दुसरं घर. रक्त गोठवणारं, बाहेरदेशातून येणारं इंजेक्शन कारखाना माझ्यासाठी विकत घ्यायचा. आमच्यासारख्या घराने ते घेतो म्हटलं असतं तर घर विकूनही वर्ष निघालं नसतं. सांधा भरायला लागला की रिक्षा, रिक्षातून वॉर्ड, वॉर्डात सुई. आया होत्या रमीलाबेन. त्या टॉवेलात बर्फ गुंडाळून लाटण्याने असा फोडायच्या, की पलीकडच्या खाटेवरचा पेशंट दचकून उठायचा. "ले बेटा, तारा दुश्मनने मारी नाख्यो," असं म्हणून तो बर्फ माझ्या गुडघ्यावर ठेवायच्या. तुझ्या दुश्मनाला मारून टाकला. त्या बर्फाची आठवण आजही गुडघ्याला आहे.

मी बी.कॉम. झालो आणि एकवीस वर्षं पूर्ण होत आली. तेव्हा नियम समोर आला. कामगाराच्या मुलाला औषधपाणी एकविसाव्या वर्षापर्यंत. पुढे फक्त अपंग मुलाला, आणि तोही कमवायला कायमचा असमर्थ असेल तर. दर वर्षी वडिलांनी सही करून द्यायची, की मुलगा काहीही कमवत नाही. कमवायला लागला की सगळं बंद. थोडं कमावलं तर थोडं बंद, असं नाही. सगळंच. मी अर्धवट माणूस होतो, महिन्यातले काही दिवस धडधाकट आणि काही दिवस खाटेवर. असा माणूस त्या नियमात कुठेच बसत नव्हता.

डॉक्टरांच्या बोर्डासमोर उभं राहायचं होतं, आणि नेमका त्या महिन्यात मी ठणठणीत. बाबांनी घरातल्या पॅसेजमध्ये माझी तालीम घ्यायला सुरुवात केली.

"असा नाही. पाय ओढ. अजून. कमरेतून वाक."

"बाबा, वाकलोय."

"हे वाकणं? असं चालतात?" आणि त्यांनी स्वतः चालून दाखवलं. मांड्या अजून खांबासारख्या, आणि तो माणूस पाय फरफटत पॅसेजच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला. आईला हसू आलं, मग ती स्वयंपाकघरात जाऊन रडली. बाबांच्या कपाळाची शीर टरारून फुगली होती. "बोर्डाने विचारलं तर फार बोलायचं नाही. बी.कॉम. सांगायचं नाही. सही करायला लावली तर हात थरथरू दे."

मी सगळं केलं. पाय ओढला, हात थरथरवला, तोंड अर्धवट उघडं ठेवलं. डॉक्टरांनी एकमेकांकडे पाहून मान हलवली. मी कमवायला कायमचा असमर्थ ठरलो. परत येताना बाबांनी पेढे घेतले. पोरगा निकामी ठरला म्हणून पेढे आणणारा बाप मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

घरी आल्यावर मी तो पुडा भिंतीवर फेकून मारला. पेढे भिंतीला चिकटले. बाबांचा हात वर गेला. मी तोंड पुढे केलं. हात हवेतच वळला आणि शेजारी उभ्या असलेल्या दादाच्या कानाखाली बसला.

"त्याला का मारता?" मी ओरडलो. "मी फेकला!"

"तू गप रे," दादा गाल चोळत म्हणाला. जणू हा त्याचा नि बाबांचा आपसांतला व्यवहार होता.

कंकोत्र्या

त्यानंतर मी निजामपुऱ्यातल्या आमच्या घरात बसून राहिलो. ते दिवस कसे होते ते आठवा. घरोघर केबल आली होती. गल्लीतली पोरं टाय लावून नव्या नव्या कंपन्यांत जात होती. ज्याला धड नाव लिहिता येत नव्हतं त्याने एसटीडीचं बूथ टाकलं होतं. आणि मी खिडकीत, कायमचा असमर्थ. शेजारच्या काकू आईला विचारायच्या, "विनूचं काय पुढे?" आई म्हणायची, "बघू ने." हे "बघू ने" ऐकलं की मला दात ओठ खावेसे वाटायचे. पण ओठ खाणंही मला परवडत नव्हतं.

दादानेच काम आणलं. खंडेराव मार्केटजवळ हसमुखभाईंचं छापखान्याचं दुकान होतं. त्यांनी कॉम्प्युटर घेतला होता आणि तो चालवणारा कोणी टिकत नव्हता. लग्नाच्या कंकोत्र्या, म्हणजे आपल्या पत्रिका, गुजरातीत नि मराठीत जुळवायच्या. बसून काम. हसमुखभाईंना माझा आजार सांगितला, तर ते म्हणाले, "लोही नीकळे एवुं अहीं कंई छे ज नथी. एक कातर छे, ए हुं संताडी दईश." रक्त निघेल असं इथे काही नाही, एक कात्री आहे ती मी लपवून ठेवीन. आणि खरंच, ती कात्री मी तिथे पहिलं वर्षभर पाहिली नाही.

बाबा सकाळी कारखान्याच्या बसने जायचे. त्यानंतर दादा मला स्कूटरवर सोडायचा आणि बाबा यायच्या आत घरी आणायचा. पहिल्या पगाराची मी मार्केटमधून द्राक्षं आणली. आईने ती धुतलीसुद्धा नाहीत, तशीच उभ्या उभ्या तोंडात टाकत राहिली. एक मणी मला, एक तिला. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की आपण या घरात राहतो.

धोका आम्हा तिघांना माहीत होता. बाबांनी त्या वर्षीही सही केली होती, मुलगा कमवत नाही म्हणून. खरं मानून केली होती. बाहेर कळलं असतं तर माझं इंजेक्शन जाणार होतं आणि बाबांवर खोट्या सहीचा आळ येणार होता. आम्ही रोज सकाळी ते मनाआड ढकलायचो आणि स्कूटरला किक मारायचो.

तिसरा दिवस

बडोद्यात उत्तरायणाचे, म्हणजे पतंगांच्या संक्रांतीचे, दोन दिवस मला घरात कोंडायचे. पहिला दिवस आणि मग वासी, म्हणजे शिळी, उत्तरायण. काच लावलेला मांजा कुठून येऊन कुठे कापेल याचा नेम नसतो. खिडक्या बंद, गच्ची बंद. मी आतून "काप्यो छे!" अशा आरोळ्या ऐकत बसायचो. तिसऱ्या दिवशी आई खिडक्या उघडायची आणि सगळ्यांनी हुश्श करायचं. लहानपणापासून असंच चाललं होतं, आणि लहानपणापासून ते चूक होतं. पतंग खाली उतरतात, मांजा उतरत नाही. तो झाडांना, तारांना, खांबांना लोंबकळत राहतो. पण लहानपणी तिसऱ्या दिवशी मी कुठे जातच नव्हतो, म्हणून ही चूक कधी कळली नाही.

आता मी कामाला जात होतो. उत्तरायणाला कमुरता, म्हणजे लग्नं न करायचा महिना, संपतो आणि थांबलेली लग्नं एकदम सुटतात. हसमुखभाईंचा निरोप आला होता, गिऱ्हाईकं दुकान फोडतील, लवकर ये.

"आता काय, संपलं सगळं," दादा म्हणाला. "बस मागे."

फत्तेगंज मागे पडलं होतं. ऊन छान होतं. दादा काहीतरी बोलत होता, आणि बोलता बोलता वाकला. बडोद्यात जानेवारीत स्कूटर चालवणारा प्रत्येक जण वाकतो. दोरा दिसला की मान आपोआप खाली जाते, विचार करावा लागत नाही. मागे बसलेल्याला दोरा दिसत नाही. त्याला पुढच्याची पाठ दिसते.

दादाची पाठ खाली गेली आणि मांजा माझ्या तोंडावर आला. वरचा ओठ, मग गाल, मग कानाखाली. दुखलं नाही. गरम वाटलं. दोऱ्याचं एक टोक झाडात होतं आणि स्कूटर पुढे जात होती, त्यामुळे तो करवतीसारखा ओढला गेला. दादाला कळलं ते त्याच्या पाठीवर शर्ट ओला झाला तेव्हा. त्याने मागे पाहिलं आणि स्कूटर सोडूनच दिली. आम्ही दोघं रस्त्यावर पडलो.

माझ्या वाटचा मार आयुष्यभर त्याने खाल्ला होता. तो एकदाच वाकला.

माणसं धावली. कोणी म्हणे हळदर लावो, कोणी पान-तंबाखू दाबायला निघालं. एकाने गालात रुतलेला दोरा ओढायला हात घातला, तर दादाने त्याला असा ठोसा मारला की तो बिचारा दुभाजकावर जाऊन पडला. मग दादाने तो मांजा स्वतःच्या बोटांवर गुंडाळून तोडला. बोटं हाडापर्यंत चिरली गेली. "बरफ! कोई बरफ लावो!" असं तो गुजरातीत, हिंदीत, मराठीत ओरडत होता आणि मला वाटत होतं, हा कोणावर ओरडतोय? मी तर इथेच आहे. शर्ट, पॅन्ट, रिक्षाची गादी, सगळं चिकट झालं होतं. रक्त गिळून गिळून मला उलटी झाली आणि तीही लालच.

वॉर्डात

रिक्षातून थेट कारखान्याच्या दवाखान्यात नेल्यावर इंजेक्शन मिळालं. आधी सुई, मग टाके, मग कोणी काय ते विचारलं. त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. रक्त थांबत आलं तेव्हा त्यांनी सहज म्हणून दादाला विचारलं, "एवढ्या सकाळी कुठे निघाला होतात डबा घेऊन?"

दादाची बोटं बांधलेली, डोळे शून्यात. त्याच्या तोंडून निघून गेलं, "याच्या कामावर."

रमीलाबेनच्या हातातला बर्फ थांबला. डॉक्टरांनी माझ्या केसपेपरकडे पाहिलं आणि तो मिटून ठेवला.

बाबा प्लांटमधून तसेच आले, हेल्मेट हातात, पायात लोखंडी टोकाचे बूट. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नाकापासून कानापर्यंत पट्ट्या. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. कुठे जात होता? किती दिवस चाललंय हे? दादाने खरं सांगितलं. आणि बाबांनी हेल्मेट त्याच्या तोंडावर हाणलं.

एक बसलं, दुसरं बसलं. तिसऱ्यांदा दादाने मनगट धरलं. बाबांना ते खरंच वाटेना. ते आपल्या धरलेल्या मनगटाकडे बघत राहिले, आणि दादाने मोकळ्या हाताने त्यांच्या जबड्यावर ठोसा दिला. इतक्या वर्षांचं सगळं त्या ठोशात होतं. बाबांचा दात फरशीवर पडला. सलाईनचा स्टँड आडवा झाला, पलीकडचा पेशंट किंचाळला, दोघं बापलेक खाटांच्या मध्ये एकमेकांची गळपट्टी धरून लोळत होते. "अरे मरी जशे छोकरो!" पोरगा मरेल, असं ओरडत रमीलाबेन त्यांच्या पाठीत टॉवेल हाणत होत्या.

मला ओरडता येत नव्हतं, ओठात टाके होते. मला उठता येत नव्हतं. मला कोणाला मारता आलं नाही कधी, त्या घरात मारता न येणारा मी एकटाच. पण स्वतःला मारता येत होतं. मी गालावरची पट्टी मुठीत धरली आणि ओढायला लागलो. चिकटपट्टी सुटण्याचा आवाज झाला. उशीवर पुन्हा लाल पसरायला लागलं.

आधी बाबांनी पाहिलं. ते जिथे होते तिथे गोठले. दोन्ही हात पुढे केले आणि माझ्यापासून हातभर अंतरावर ते तसेच थांबवले. तेव्हाही त्यांनी मला हात लावला नाही.

साहेबांची केबिन

वॉर्डातली गोष्ट वर पोचली होती, आणि टाके निघाल्यावर कारखान्याच्या ऑफिसात आम्हाला बोलावणं आलं. ऑफिसर भला माणूस होता. त्याने चहा मागवला. माझ्या गालाच्या व्रणाकडे बघायचं टाळत तो बाबांना म्हणाला, "हुं कोईनुं खराब करवा बेठो नथी." मी कोणाचं वाईट करायला बसलेलो नाही. "असं करा, लिहून द्या की मुलगा तिथे शिकायला जात होता. वेळ जात नव्हता म्हणून. पगार नाही, काही नाही. उद्यापासून जाणं बंद. तुमची सही पण खरी राहील, औषध पण चालू राहील."

बाबांनी लगेच पेन घेतलं. मलाही खरं तर सुटल्यासारखं वाटलं होतं. इंजेक्शन म्हणजे काय ते मला त्या दोघांपेक्षा जास्त कळत होतं. पण "उद्यापासून जाणं बंद" हे शब्द कानात अडकले. मला तो पॅसेज आठवला. पाय फरफटणारे बाबा आठवले. दर वर्षी असंच चालून दाखवायचं. आणि बाबा गेल्यावर? असमर्थ असल्याचा दाखला जेवायला घालणार होता का? तेव्हा चाळिशीत, ज्याने एक दिवस काम केलेलं नाही अशा माणसाला कुठला हसमुखभाई कात्री लपवून कामावर ठेवणार होता?

"मी शिकायला जात नव्हतो," मी म्हणालो. ओठ अजून ओढले जात होते. "काम करतो. पगार घेतो. बाबांना माहीत नव्हतं, त्यांना शिक्षा करू नका. आणि मी उद्याही जाणार आहे."

"विन्या," बाबा म्हणाले.

"साहेब, थोडं काम, थोडं औषध, असं काही नाही का तुमच्या नियमात?"

"नथी, भाई." त्याला खरंच वाईट वाटत होतं. "मेरे हाथ में नहीं है."

बाबांना लेखी ताकीद मिळाली. औषधाच्या यादीतून माझं नाव कमी झालं. घरी येऊन बाबांनी माळ्यावरून तालमीतली जोडी काढली, ती लाकडी, फिरवायची. आणि एकेक फटक्याने टीव्ही फोडला, त्याचं टेबल फोडलं, शोकेस फोडली. दादा त्या दिवशीच घर सोडून भाड्याच्या खोलीत गेला. मारायला कोणी उरलं नाही, तेव्हा बाबांनी आपलंच डोकं दारावर आपटलं. आई मध्ये पडली नाही. ती काचा गोळा करत होती, एकही तुकडा राहू नये म्हणून हाताने फरशी चाचपत होती. माझ्यासाठी.

गुडघा

आता खरं सांगायची वेळ. मी जिंकलो वगैरे काही नाही. इंजेक्शन गेलं. माझ्या पगारात त्यातलं नखाएवढंही आलं नसतं. सांधा भरला की सरकारी दवाखान्यात जायचं, प्लाझ्माच्या पिशव्या मिळेपर्यंत बाकावर वाट बघायची, आणि त्या पिशवीतून दुसरा कुठला आजार आत शिरतोय का याची भीती बाळगायची. दादा नि त्याचे मित्र माझ्या नावाने रक्त देऊन देऊन दमले. त्या पावसाळ्यात डावा गुडघा भरला तो उतरेचना. मी कित्येक आठवडे ओरडलो. उशी राहिली बाजूला, मी पलंगाची पट्टी चावली. सूज गेली तेव्हा पाय सरळ होणं संपलं होतं. आता नाटक करायची गरज नव्हती. मी बाबांनी शिकवल्यासारखाच चालायला लागलो, अगदी हुबेहूब.

डावा गुडघा मी नोकरीला दिला, असं मी म्हणतो. लोकांना वाटतं मी मोठेपणाने म्हणतोय. नाही. वाईट वाटतं. रोज सकाळी चपला घालताना वाटतं. तुम्ही माझ्यासारखं करा असं मी म्हणणार नाही, आणि करू नका असंही नाही. आता दिवस बदललेत, औषध मिळायच्या वाटा वाढल्यात. पण काम धरायच्या आधी विचारा, काय सुटणार आहे ते नीट समजून घ्या, आणि ते घरच्यांना तोंडावर सांगा. आम्ही चोरून केलं. त्याचा मार दादाला पडला.

हसमुखभाईंनी जागा ठेवली होती. पण जाणार कसा? दादा लांब राहत होता. एका सकाळी मी जिना बसून उतरत होतो, एकेक पायरी, कुबडी पुढे सरकवत. बाबांना तेव्हा दुपारची पाळी होती. ते दारात उभे राहून बघत होते. केबिनच्या दिवसापासून ते माझ्याशी बोलले नव्हते. मी खाली पोचेपर्यंत त्यांनी स्कूटर काढून फाटकाशी आणली होती. ते किक मारून वाट बघत राहिले. मी मागे बसलो. त्यांना धरायचं नाही हे मला माहीत होतं. मी स्टेपनीला धरलं.

तेव्हापासून दुपारची पाळी असली की ते मला सोडायचे. तोंडातून अवाक्षर नाही. दात पडलेल्या जागी त्यांनी नवा बसवला नव्हता.

पुढचा जानेवारी

पुढच्या उत्तरायणाला दोन दिवस मी कोंडून घेतलं. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, "आज राहू दे ने." मी म्हणालो, कंकोत्र्या आहेत. बाबांनी माझ्याकडे न बघता आपला मफलर काढून माझ्या मांडीवर टाकला. मी तो तोंडाला, गळ्याला गुंडाळला.

फत्तेगंजच्या पुढे, त्याच रस्त्याला, ऊन तसंच होतं. मी बाबांच्या पाठीकडे बघत होतो. मागे बसलेल्याला दुसरं काही दिसत नाही. एकदम ती पाठ ताठ झाली. वाकली नाही. उलट ते सीटवरून थोडे उठले, आणि त्यांचा डावा हात वर गेला. तो हात असा वर गेलेला मी शेकडो वेळा पाहिला होता. मी डोळे मिटले.

उघडले तेव्हा स्कूटर थांबली होती. दोरा त्यांच्या मुठीत होता. तळव्याच्या मधोमध चांगलीच खोल चीर पडली होती आणि मनगटावरून रक्त कोपरापर्यंत ओघळत होतं. त्यांनी दोरा तोडला, रस्त्याच्या कडेला टाकला, मूठ मिटली आणि पुन्हा किक मारली.

मार्केटशी आलो तोवर रक्त थांबत आलं होतं. त्यांनी मूठ उघडून पाहिली. एवढी मोठी जखम, आणि एवढ्यात कडा चिकटायला लागल्या होत्या. मी ते पहिल्यांदाच इतक्या जवळून बघत होतो, चांगलं रक्त कसं वागतं ते. बाबांनी मी बघतोय हे पाहिलं आणि हात पाठीमागे घेतला.

"थांबलं रे," ते म्हणाले. मला वाटलं ते माफी मागतायत.

मला उतरता येईना. गुडघा आखडला होता. कुबडी हातातून निसटून खाली पडली. मी तोल जाऊन झुकलो, आणि त्यांनी मला खांद्याला धरलं. त्याच हाताने. घट्ट धरलं, उभं केलं, कुबडी उचलून दिली, आणि तरी क्षणभर हात तिथेच ठेवला. मला तो गाल आठवला, सहा वर्षांचा.

"जा," ते म्हणाले. "कामाला उशीर होईल."

दुकानात शिरलो तर हसमुखभाई खुर्ची पाडून उठले. "अरे लोही! विनूभाई, लोही! रिक्षा बोलावो कोई!" त्यांनी माझ्या खांद्यावरचा डाग पाहिला होता. पाचही बोटं उमटली होती.

"माझं नाही," मी म्हणालो. "बाबांचं आहे." आणि कॉम्प्युटर चालू केला.